डॉल्बी लागला की ती कॉटखाली जाते

प्रश्न : मी कोल्हापुरात मुलींच्या बालगृहात काळजीवाहक आहे. पोरी मला मावशी म्हणतात. आमच्याकडं नववीतली एक मुलगी आहे. तिला स्वमग्नता (ऑटिझम) आहे, असं डॉक्टरांनी सांगितलंय. जेवताना ताटांचा खणखणाट झाला की ती कान दाबून बसते. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बी लागला की कॉटखाली जाते. बाकीच्या पोरी तिला ‘खुळी’ म्हणतात, तिची नक्कल करतात. आमच्यातले काही म्हणतात, ‘संस्थेतली पोर’ हा शिक्का आधीच आहे, त्यात हे कुणाला कळू देऊ नका. तिलाही सांगितलेलं नाही. काय करू, ताई?

उत्तर : मावशी, सगळ्यांत आधी तिला सांगा. डॉक्टरांचा कागद कार्यालयातल्या फायलीत आहे, तो तुम्ही वाचलाय, अधीक्षकांनी वाचलाय. तिच्या वाट्याला मात्र ‘खुळी’ एवढंच आलंय. संस्थेतल्या मुलांचं हे नेहमीचंच दुखणं. घरी काय झालं, बाल कल्याण समितीपुढं काय ठरलं, सगळं दुसऱ्यांना ठाऊक असतं. त्यात ही भर नको.

सांगताना तिच्या रोजच्यातलंच बोला. ‘तुला ताटांचा आवाज टोचतो ना, ते नाटक नाही. तुझ्या मेंदूची घडण जन्मापासून तशी आहे. तुझं काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही.’ हे शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा सांगा. ‘मी अशी आहे म्हणूनच मला इथं आणून टाकलं’ असं अनेक मुलं मनात धरून बसतात. तिनं तसं विचारलं तर टाळू नका. समुपदेशकांना सोबत घ्या आणि खरं काय ते तिला झेपेल तसं सांगा.

बाकीच्या पोरींना स्वमग्नतेबद्दल सांगायचं की नाही, हे तिनं ठरवावं. सगळ्यांना गोळा करून तिच्यावर भाषण तर मुळीच नको. नक्कल थांबवायला स्वमग्नतेचं नाव सांगावं लागत नाही, ‘तिला आवाज सोसत नाही, चिडवायचं नाही’ एवढं पुरे. आणि ‘ती किती हुशार आहे बघा’ असंही नको. जिच्याकडं दाखवण्यासारखं काही नाही, तिला चिडवलेलं चालतं का? कर्मचाऱ्यांच्या तोंडी ‘खुळी’ असेल, तर आधी तिथंच बंद करा.

पंगत बसण्याआधी तिला जेवू द्या. मिरवणुकीच्या रात्री रस्त्यापासून लांबची खोली द्या, कान झाकणारे हेडफोन मिळवा. दिनक्रम बदलणार असेल तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे संस्थेतल्या प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा करावा लागतो. या गोष्टी त्यात लिहून घ्या, म्हणजे तुमची बदली झाली तरी त्या टिकतील.

लपवल्यानं तिचं नुकसानही होतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. सीपीआर या सरकारी रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला जादा वेळ, गरज असेल तर लेखनिक मागता येतो. अठरा पूर्ण झाल्यावर बालगृह सुटेल, तेव्हाही तो कागद तिच्या हातात हवा. पण अर्ज तिला विचारूनच करा. परीक्षेच्या सवलतीचा अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून दहावीच्या फॉर्मची वाट न बघता आत्ताच मुख्याध्यापकांना भेटा, आणि ती तयार असेल तर तिलाही बरोबर न्या.