कर्णबधिर मधला कर्ण कशाला?

प्रश्न असा आला की बधिर म्हणजेच बहिरा, मग कर्णबधिर मधे वर आणखी कान कशाला, आणि जाता जाता, बहिरी ससाणा खरंच बहिरा असतो का?

संस्कृतात तुमचं बरोबर आहे, तिथे बधिर म्हणजे ऐकू न येणारा, बस. जुने वैयाकरण तो 'बंध्' म्हणजे बांधणे या धातूशी जोडतात, कान बांधला गेलाय असं काहीतरी. प्राकृतात दोन स्वरांमधल्या ध चा ह होतो, दधि चं दही झालं, गोधूम चा गहू झाला, तसंच बधिर चं बहिर आणि मग आपला बहिरा.

आता मजा अशी की घरात बहिरा आल्यावर बधिर ला मराठीत कामच उरलं नाही, मग तो दुसरीकडे लागला. डेंटिस्ट दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देऊन हिरडी 'बधिर करतो', मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, वाईट बातमी ऐकून डोकं बधिर होतं, यात कानाचा काही संबंध आहे का? भूल देण्याच्या शास्त्राला सरकारी मराठीत बधिरीकरणशास्त्रच म्हणतात. म्हणून नुसतं 'बधिर मुलांची शाळा' लिहिलं तर मराठी कानाला विचित्र लागतं, कर्ण जोडावाच लागतो. हिंदीवाल्यांना ही अडचण नाही, त्यांच्याकडे पाय सुन्न होतो, त्यामुळे बधिर अजून कानापाशीच आहे. (बधीर असं दीर्घ सगळेच लिहितात पण शब्द तत्सम आहे, धि ऱ्हस्व.)

मूकबधिर मात्र मला पटत नाही. ऐकू न येणाऱ्या बहुतेकांचा गळा, जीभ ठणठणीत असते, लहानपणी भाषा कानावर पडली नाही म्हणून बोलणं येत नाही, आणि खुणांची भाषा येत असेल तर तो मूक कसा?

ससाण्याचं म्हणाल तर तो बहिरा बिलकुल नाही, ते फारसी-अरबीतलं बहरी, बह्र म्हणजे समुद्र. बहिरोबा तर तिसरंच प्रकरण, तो भैरव, त्यामुळे नवस मोठ्याने बोलायची गरज नाही :)

बाकी रोजच्या बोलण्यात तोंडावर कोणी बहिरा म्हणत नाही हो, 'आजोबांना जरा कमी ऐकू येतं' असंच म्हणतो आपण. ठार बहिरा, बहिरट वगैरे भांडणात किंवा पाठीमागे.