आमदार-खासदार पक्षाच्या विरोधात मत देऊ शकतो का?

देऊ शकतो, पण सभागृहात व्हिप (कसं मतदान करायचं याचा पक्षाचा आदेश) मोडून दिलं तर पद जाऊ शकतं. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा आलं, त्यात व्हिपविरुद्ध मतदान तर सोडाच, नुसतं गैरहजर राहिलं तरी अपात्रतेची टांगती तलवार असते, पक्षाने 15 दिवसांत माफ केलं तर मात्र वाचतो, आणि निर्णय कोण देणार तर सभागृहाचे अध्यक्ष, जे बहुतेक वेळा सत्ताधारी पक्षाचेच असतात.

राज्यसभेच्या निवडणुकीत वेगळंच आहे. तिथे आमदाराला मतपत्रिका भरून पक्षाच्या एजंटला दाखवावी लागते, न दाखवता पेटीत टाकली तर मत बाद, पण दाखवून दुसऱ्याला मत दिलं तर तेवढ्यावरून आमदारकी जात नाही. हिमाचलमध्ये फेब्रुवारी 2024 ला काँग्रेसच्या 6 आमदारांनी क्रॉस व्होटिंग केलं, नंतर ते अपात्र ठरले ते बजेटच्या वेळचा व्हिप मोडला म्हणून.

आणि खरी चीड येते ती इथे की एकट्याने मनापासून विरोध केला तर घरी, पण पक्षाच्या दोन तृतीयांश आमदार-खासदारांनी मिळून दुसऱ्या पक्षात ‘विलीनीकरण’ केलं तर सगळे सुरक्षित! गोव्यात 2019 ला काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदार असेच भाजपमध्ये गेले.

माझं स्पष्ट मत, व्हिप फक्त विश्वासदर्शक-अविश्वास ठराव आणि बजेटसारख्या आर्थिक विषयांपुरता ठेवावा, बाकी विधेयकांवर लोकप्रतिनिधीला मोकळं सोडा, मतदारसंघातल्या लोकांना उत्तर त्यालाच द्यायचं असतं ना.