मुरडीचे चार रुपये

पत्र : ताई, आम्ही म्हापशाजवळ राहतो. मी, हे, दोन मुलं आणि सासूबाई (वय ६९). ह्यांची खासगी नोकरी आहे. फ्लॅटच्या कर्जाचे २० लाख बाकी आहेत, अजून १५ वर्षं, फ्लोटिंग व्याज सध्या साडेआठ टक्के, हप्ता १९,६९५ रुपये. मी चवथ (गणेश चतुर्थी), दिवाळी आणि नाताळात ऑर्डरीप्रमाणे नेवऱ्या (करंज्या), चकल्या, लाडू करून देते. गेल्या वर्षी तीन हंगाम मिळून दहा हजार नेवऱ्या गेल्या, वीस रुपयांना एक. सगळा खर्च जाऊन १,४०,००० रुपये सुटले. मला ते कर्जात भरायचे आहेत. हे म्हणतात, मुलं मोठी होत चाललीत, मे महिन्यात काश्मीर करू. चौघांचे सव्वा लाख होतील. सासूबाईंना गुडघ्यांमुळे झेपणार नाही, त्या तेवढे दिवस पेडण्याला भावाकडे राहतील. रोज ह्यावरून वाजतं. धंदा वाढवावा म्हटलं तर कडेला दुमडून मुरड घालायला बाहेरची बाई नेवरीमागे ४ रुपये मागते, ते परवडत नाही. सध्या मुरड सासूबाईच घालतात, मला ती नीट जमत नाही. कर्ज की काश्मीर, तुम्हीच सांगा.
(एक गृहिणी, बार्देश)

उत्तर : कर्ज आणि काश्मीर दोन्ही जरा थांबू देत. पत्राच्या शेपटाला तू एक वाक्य घाईघाईत टाकलं आहेस, आधी ते बघू. सध्या मुरड सासूबाईच घालतात.

दहा हजार नेवऱ्यांची मुरड. भाव तूच लिहिला आहेस, नेवरीमागे चार रुपये. म्हणजे चाळीस हजार. ते तू नफ्यात धरून मोकळी झालीस. तेल, मैदा, खोबरं, गॅस, खोकी, खोक्यांना लावायची चिकटपट्टी, सगळं खर्चात लिहिलं असशील. मुरड घालणाऱ्या हातांपुढे मात्र शून्य. तुम्ही दोघं ज्या १,४०,००० वरून रोज भांडता त्यातले ४०,००० तुमच्यापैकी कोणाचेच नाहीत. ज्यांचे आहेत, त्यांची सहलीच्या दिवसांत पेडण्याला रवानगी.

नवऱ्याबद्दल मी काही बोलणार नाही. त्याला बहुधा हा हिशेब ठाऊकच नाही. तुला ठाऊक होता. बाहेरच्या बाईचा भाव ऐकून तू परत आलीस ती या कामाचं मोल कळूनच. मग तेच काम फुकट करून घेतलंस आणि आलेल्या पैशाला ‘माझा जोडधंदा’ म्हणालीस. पत्र वाचून मला राग आला तो याचा.

मुरड म्हणजे नुसती शोभा, असं तर तुझ्या मनात नाही ना? कातण्याने कापलेली कड एका दाबावर मिटलेली असते. सारणाचा एखादा कण कडेत अडकला किंवा पारी जरा सुकली, की ती तेलात उघडते. सारण बाहेर येतं, गूळ तळाला जळतो, तेल काळं पडतं आणि पुढचा सगळा घाणा कडवट होतो. मुरडीत कड पुन्हा स्वतःवर दुमडली जाते, म्हणून नेवरी मिटलेली राहते. साच्यातली नेवरी कोणीही करतं. तुझ्याकडे लोक चवथीच्या महिनाभर आधी फोन करतात ते या कडेसाठी, आणि ती कड तुला येत नाही. धंदा तुझ्या नावावर आहे, कसब त्यांच्या बोटांत. ऐन चवथीच्या आदल्या आठवड्यात त्यांचा अंगठा धरला तर घेतलेल्या ऑर्डरींचं काय करशील?

तेव्हा याच आठवड्यात ४०,००० रुपये सासूबाईंच्या खात्यात भर. खातं फक्त त्यांच्या नावाचं हवं. तुझ्याबरोबरचं जोडखातं नको, आणि एटीएम कार्ड तुझ्या पर्समध्ये नको. रोख देऊ नकोस, रोख पैसा घरात विरघळतो. बँकेतून पाठव आणि शेऱ्यात ‘मुरडीची मजुरी’ असं लिही. त्या ‘घरच्या कामाचे पैसे कसले गं’ म्हणतीलच, म्हणून आधी भर आणि मग सांग. नवरा म्हणेल की आईचे पैसे म्हणजे घरचेच. तसे असते तर तुझ्या नफ्यात आपोआप मिसळले नसते. मार्चमध्ये ‘तात्पुरते’ म्हणून कर्जासाठी परत मागायचे नाहीत, हे दोघांनी आत्ताच ठरवा. यंदापासून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजचा आकडा लिही, आज ३२० म्हणजे १,२८० रुपये, आणि हंगाम संपला की आठवड्यात जमा कर.

गोव्यात लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोच्या मालमत्तेत दोघांचा निम्मा-निम्मा वाटा कायदाच धरतो, कोणाला मागावा लागत नाही. अशा मुलखात एका बाईने दुसरीचा वाटा विसरावा, हे काही शोभत नाही.

याच कायद्यामुळे तुमचं आणखी एक काम राहिलं असण्याची शक्यता आहे. गोव्याच्या नागरी कायद्याखालच्या जोडप्यांना पगार सोडून बाकीचं उत्पन्न आयकर रिटर्नमध्ये निम्मं-निम्मं दाखवावं लागतं. त्यासाठी रिटर्नमध्ये ‘शेड्युल ५ए’ असतं. नवऱ्याचा पगार त्याचाच राहतो, पण तुझ्या नेवऱ्यांचा निम्मा नफा त्याच्या रिटर्नमध्ये यायला हवा. रिटर्न भरून देणाऱ्याला हे मुद्दाम विचार, नुसता पगाराचा कागद देऊन येऊ नका.

आता तुझे उरले एक लाख. तेही सगळे कर्जात टाकू नकोस. कर्जात गेलेला पैसा चवथीच्या तोंडावर परत मिळत नाही. तेव्हा मैदा, तूप, खोबरं, गूळ आणि तेल भरायला पैसे लागतील, आणि हातात नसले की क्रेडिट कार्ड निघतं. त्याचं थकलेलं बिल वर्षाला तीस-चाळीस टक्क्यांनी वाढतं. साडेआठ टक्क्यांचं कर्ज फेडायला तसलं कर्ज काढण्यात काही अर्थ नाही. म्हणून ४०,००० मालासाठी वेगळ्या खात्यात ठेव आणि ६०,००० मुद्दलात भर.

हे साठ हजार भरताना चूक हमखास होते. अॅपमधून नुसते कर्जखात्यात टाकले तर काही बँका ते पुढच्या हप्त्यांसाठी आगाऊ रक्कम म्हणून धरून ठेवतात, मुद्दल तसंच राहतं. शाखेत जा आणि लेखी अर्ज दे : रक्कम मुद्दलात अंशतः परतफेड म्हणून घ्यावी, हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी. ‘मुदत कमी’ हे शब्द त्यात असायलाच हवेत. मुदत कमी केलीस तर या साठ हजारांनी शेवटचे साधारण साडेदहा हप्ते गळतात, म्हणजे दोन लाखांहून थोडं जास्त. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतलास तर महिन्याला जेमतेम ५९० रुपये वाचतील आणि ते भाजीत जातील. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, त्यामुळे कोणी शुल्क सांगितलं तर लेखी माग. परतफेडीचा नवा तक्ता हातात पडल्याशिवाय शाखेतून उठू नकोस.

काश्मीर यंदा नाही. तुझ्या हंगामी कमाईतून तर कधीच नाही, कारण ती कधी किती येईल याचा भरवसा नाही. सहल नवऱ्याला हवी आहे आणि त्याचा पगार दरमहा ठरलेल्या तारखेला येतो. त्याच तारखेला ५,००० चं आवर्ती ठेव खातं (आरडी) लावू दे. वर्षाला साठ हजार आणि वर थोडं व्याज. दोन वर्षं दम धरला तर काश्मीर, नाही तर पुढच्या वर्षी मडगावहून रेल्वेने एर्नाकुलम आणि तिथून केरळातलंच अळप्पुळा. होडीत बसून हिंडायचं आहे, गुडघ्यांवर फारसा भार नाही.

मुरड तूही शीक, आणि शिकवायचेही त्यांना पैसे दे. रोज वीस पाऱ्या घे. पिठाला मोहन पुरेसं हवं, पारीची कड मधल्या भागापेक्षा पातळ हवी, कारण जाड कड मुरडीत दुप्पट होते आणि आतून कच्ची राहते. सारण कडेपासून बोटभर आत. उरलेल्या पाऱ्यांवर ओलं फडकं, नाही तर कड दुमडताना तडकते. त्या सांगतील ते मान, मोबाइलवर व्हिडिओ बघत बसू नकोस.

आणि सासूबाईंना झेपणार नाही हे त्यांनी सांगितलं, की तुम्ही दोघांनी ठरवलं? पत्रात ते नाही. त्यांना विचार. येते म्हणाल्या तर त्यांचं तिकीट तुमच्या चौघांबरोबर काढू नकोस. रेल्वेच्या ज्येष्ठांच्या कोट्यातलं खालचं बर्थ एकट्याच्या किंवा फार तर दोन पात्र प्रवाशांच्या तिकिटालाच मिळतं, पाच जणांच्या तिकिटाला नाही. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळी आठला त्यांचं तिकीट पहिलं काढ.