डेन्व्हरहून मोआबला जायला एफ-१५० वर ट्रक कॅम्पर चढवावा का? डीलर म्हणतो, ‘आरामात बसेल’

हा कॅम्पर, म्हणजे पिकअपच्या हौद्यात चढवायची फिरती खोली, या गाडीवर घेऊ नका. जुलैत आई-बाबा बरोबर असणार असतील, तर विचारही करू नका.

तुम्ही दिलेलेच आकडे घेतो. चार दारांची फोर्ड एफ-१५० पिकअप, मागचा हौदा साडेपाच फुटी, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर भाराची मर्यादा १,७४० पाउंड, आणि कॅम्परच्या माहितीपत्रकात ‘ड्राय वेट’ १,३५० पाउंड. म्हणजे ३९० शिल्लक, असा तुमचा हिशेब. वर डीलर म्हणाला की ही गाडी ११,००० पाउंड ओढते, तिला एवढं काय जड! पण ते ११,००० मागे जोडलेल्या, स्वतःच्या चाकांवर धावणाऱ्या ट्रेलरसाठी आहेत. कॅम्परचं ओझं तुमच्याच गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि टायरांवर येतं, तेही बहुतेक सगळं मागच्या ॲक्सलवर. डीलरला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

स्टिकरवरचं वाक्य पुन्हा वाचा. माणसं आणि सामान मिळून १,७४० च्या वर जाऊ नये, असं ते म्हणतं. माणसांत ड्रायव्हरही आला. तुम्ही दोघं आणि दोन मुलं मिळून ४४० धरू. उरले १,३००. कॅम्पर रिकामाच १,३५० चा आहे, म्हणजे पाण्याचा थेंब भरायच्या आधीच तुम्ही मर्यादा ओलांडली.

त्यात ड्राय वेट म्हणजे नुसता कारखान्यातून निघालेला सांगाडा. छतावरचा एसी, ऑनिंग (बाजूला उघडणारं कापडी छत) वगैरे जोडण्यांचे १५० सहज होतात. बॅटरी आणि गॅसची टाकी मिळून १०० धरा. पाणी गॅलनला ८.३४ पाउंड, त्यामुळे २० गॅलनचे १६७. मग आपलं सामान. कुकर, तवा, पोळपाट-लाटणं, कणकेची पिशवी, पांघरुणं, घडीच्या खुर्च्या, मुलांच्या सायकली. याचे मी २५० धरतो आणि घरात कोणीतरी ‘असू दे, लागेल’ म्हणणारं असेल तर ते कमीच पडतील. माणसांसकट बेरीज २,४५० च्या पुढे जाते. आई-बाबांचे २८० मिळवले की तुम्ही मर्यादेपेक्षा जवळजवळ १,००० पाउंडांनी, म्हणजे साडेचारशे किलोंनी वर.

एवढं ओझं टाकलं म्हणून गाडी मोडून पडत नाही, आणि पंचाईत तिथेच आहे. ती नेहमीसारखी चालू होते, हायवेला लागते, आणि आपल्याला वाटतं की झालं काम. तिकडे टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, तापते. मोआबकडे जुलैत पारा ३८ अंशांच्या वर जातो, रस्ता त्याहून गरम. एफ-१५० वर पुष्कळदा प्रवासी गाडीच्या वर्गातले टायर असतात, आणि असा टायर पिकअपवर लावला की त्याची छापील भारक्षमता १.१० ने भागून धरावी लागते. उंच कॅम्पर पाठीवर असताना मागचा टायर फुटला तर गाडी सरळ ठेवणं कसलेल्या ड्रायव्हरलाही जड जातं. दारावरचं स्टिकर आज इतकं स्पष्ट लिहिलेलं असतं, त्यामागेही टायरच आहेत. फायरस्टोनच्या टायरांवरून फोर्ड एक्सप्लोरर गाड्या उलटण्याचं प्रकरण गाजलं, २००० साली अमेरिकेत वाहनसुरक्षेचा ‘ट्रेड’ (TREAD) कायदा झाला, आणि त्याखालच्या नियमांत हा मजकूर आला.

दुसरा धोका ब्रेकचा. तुमचा रस्ता आय-७० चा, म्हणजे आयझेनहॉवर बोगदा, ११,१५८ फुटांवर. तिथून सिल्व्हरथॉर्नकडे सात टक्क्यांपर्यंतचा उतार आहे आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला चढाचे रॅम्प बांधलेले आहेत. ते उगाच बांधलेले नाहीत. जास्त वजनाने तिथे ब्रेक तापून ढिले पडतात. खालचा गिअर मदत करतो, पण १,००० पाउंड कमी करत नाही.

कोणीतरी सांगेलच, ‘मागे एअरबॅग टाका, जादा पाटा टाका.’ ही एअरबॅग म्हणजे पाट्यांना आधार देणारी हवेची पिशवी. त्याने बसलेलं बूड वर येईल, गाडी सपाट दिसेल. टायर, ब्रेक, ॲक्सल होते तेच राहतील, आणि दारावरचा आकडाही. एफ-१५० च्या मागच्या ॲक्सलमध्ये चाकाचा भार शाफ्ट स्वतः पेलतो. फोर्डच्याच जड एफ-२५०, एफ-३५० मध्ये तो बाहेरच्या नळीवर जातो. हा फरक एअरबॅगने मिटत नाही.

आखूड हौद्याचंही बघा. कॅम्परवर त्याच्या गुरुत्वमध्याची खूण असते. ती मागच्या ॲक्सलच्या मागे गेली तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं.

कॅम्परच हवा असेल तर जुनी एक-टनी, म्हणजे एफ-३५० च्या वर्गातली गाडी शोधा, शक्यतो पेट्रोल इंजिनाची आणि आठ फुटी हौद्याची. डिझेल इंजिन जड असतं, ते पेलोड, म्हणजे गाडीची ओझं पेलायची मर्यादा, खातं. पण तुमच्या घरातली माणसं बघता मी छोटा ट्रेलर घेईन. ४,००० पाउंडांच्या ट्रेलरचे १० ते १५ टक्के, म्हणजे ४०० ते ६००, हिचवर (गाडीच्या मागच्या जोडणीवर) येतात. सहा माणसांचे ७२० धरले तरी आहे त्याच गाडीत जमतं, फक्त गाडीतलं बाकी सामान बेताचं ठेवा. शिवाय कॅम्परमधल्या, केबिनवरच्या पलंगावरून बाबांनी रात्री बाथरूमला उतरायचं, हे मला तरी बघवणार नाही.

काहीही घेतलंत तरी पहिल्या सहलीआधी सगळं भरून, सगळ्यांना बसवून ट्रकस्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे गाड्या तोलायच्या काट्यावर जा. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. मागचा आकडा दारावरच्या ‘जीएडब्ल्यूआर रिअर’शी (मागच्या ॲक्सलच्या कमाल भाराशी) आणि टायरच्या क्षमतेशी ताडून बघा. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा त्याच गाडीचं दार उघडून स्टिकर वाचा. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत सनरूफ आणि सीटांमुळेसुद्धा आकडा बदलतो.