डाउनरिगरवर एकाच वेळी दोन-तीन तंगूस (गळाचे दोरे) कसे चालवायचे? वैनगंगेवरच्या आपल्या गोसेखुर्द धरणात जमेल का?

चालवता येतात, पण सुरुवातीला एका डाउनरिगरवर दोनच ठेवा भाऊ. डाउनरिगर म्हणजे आमिष खोल पाण्यात ओढायची नावेवरची चरखी; तिच्या तारेला चार-पाच किलोचा गोळा असतो. पहिला तंगूस गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवायचा, गोळा तीनेक मीटर उतरवायचा, मग तारेवरच दुसरा चिमटा लावून त्यात दुसरा तंगूस. माशाने हिसका दिला की चिमटा सुटतो आणि झुंज थेट रॉडवर येते, गोळ्याचं वजन मध्ये नाही. दोन्ही आमिषं नावेच्या मागे वेगवेगळ्या अंतरावर ठेवा. खरा गुंता होतो वळताना: आतल्या बाजूचं आमिष मंदावतं, खाली बसतं आणि शेजारच्यात अडकतं. म्हणून वळण भरल्या बैलगाडीसारखं लांबून घ्यायचं. वेग ताशी तीनेक किलोमीटर पुरे.

आता गोसेखुर्द. डाउनरिगर वापरतात तो लेक ट्राउटसारख्या माशासाठी, आणि लेक ट्राउट हा उत्तर अमेरिकेतल्या थंड तलावांचा मासा. त्याला साधारण 10 अंशांचं पाणी लागतं, उन्हाळ्यात तो खोल जातो, म्हणून तर हा खटाटोप. वैनगंगेत तो कुठून येणार? आपला कटला वरच्या थरात सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. ओढत्या आमिषामागे यातलं सहसा कोणी धावत नाही. मरळ धावते, पण ती काठच्या गवतात, उथळ पाण्यात. तिथे गोळा काय कामाचा? त्यात बुडालेल्या झाडात तार अडकली तर गोळा गेलाच समजा. साधा रॉड आणि रबरी बेडूक घ्या, आणि पाण्यात उतरण्याआधी तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारा.