नवरा कॅनडाचा पीआर, बायको पुण्यात: नोकरी आत्ताच सोडायची का?

प्रश्न: मी 34 वर्षांची, पुण्यात आयटी कंपनीत. हातात 98,000 पगार येतो, बेसिक 60,000. या कंपनीत चार वर्षं चार महिने झाले. आधीच्या कंपनीचा पीएफ अजून ट्रान्स्फर केलेला नाही. मिस्टर 2022 पासून कॅनडाचे पीआर, म्हणजे कायम रहिवासी आहेत, ओंटारियोत नोकरी. लग्न डिसेंबर 2024 मध्ये झालं. ते म्हणतात, राजीनामा दे, व्हिजिटर व्हिसावर ये, इथूनच तुझ्या पीआरचा अर्ज करू. नाहीतर तेच चार-पाच महिने पुण्यात येऊन राहतील. वाकडचा माझा फ्लॅट मे 2016 मध्ये 48 लाखांना घेतला, आता 82 लाख मिळतील. तो विकूनच जावं का? कन्सल्टंट साडेतीन लाख मागतोय.

उत्तर: राजीनामा देऊ नका. अर्ज पुण्यातूनच टाका आणि तो चालू असेपर्यंत नोकरी करा. फ्लॅटचा निर्णय पीआर हातात येईपर्यंत थांबवा.

जोडीदारासाठी कॅनडात दोन वाटा आहेत. देशात राहून केलेला अर्ज आणि बाहेरून केलेला. देशात राहून केला तर अर्जासोबत ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही कंपनीत काम करायची परवानगी, मागता येतं, त्याचे 255 डॉलर वेगळे. पण ते मिळेपर्यंत व्हिजिटर म्हणून काम करता येत नाही, ओंटारियोचा सरकारी आरोग्यविमाही नसतो. म्हणजे दरमहा 98,000 बुडाले, खासगी विम्याचा हप्ता वर. शिवाय त्या वाटेने अर्ज फेटाळला गेला तर इमिग्रेशन अपील विभागात दाद मागता येत नाही. बाहेरून केलेल्या अर्जात प्रायोजकाला, म्हणजे तुमच्या मिस्टरांना, तो हक्क आहे. बाहेरून केलेल्या अर्जांसाठी 12 महिन्यांत निकाल द्यायचं सेवा-मानक आहे. प्रत्यक्षात पुढेमागे होतं, पण हिशेब वर्षाचाच धरा. मधल्या काळात भेटायला जायचं तर व्हिजिटर व्हिसा मागता येतोच.

हे वर्ष तुमच्यासाठी फुकट जात नाही. आठ महिन्यांनी तुमची पाच वर्षं पूर्ण होतात आणि ग्रॅच्युइटी लागू होते. बेसिक 60,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 5, म्हणजे सुमारे 1 लाख 73 हजार, करमुक्त. मिस्टरांच्या घाईची पहिली किंमत ही. जुन्या कंपनीचा पीएफ मात्र आजच ऑनलाइन ट्रान्स्फरला टाका. सलग पाच वर्षांआधी काढलेल्या पीएफवर कर लागतो, आणि ट्रान्स्फर केला की जुनी नोकरीही त्या मोजणीत धरली जाते.

सरकारी फी 30 एप्रिल 2024 च्या दरपत्रकाप्रमाणे अशी: प्रायोजकत्वाचे 85 डॉलर, अर्जाचे 545, कायम रहिवास हक्काचे 575, बायोमेट्रिकचे 85. एकूण 1,290 कॅनेडियन डॉलर. डॉलर 62 रुपये धरला तर साधारण 80,000. ही फी दर दोन वर्षांनी वाढते, त्यामुळे पैसे भरायच्या दिवशी आकडा पाहून घ्या. यातले 575 नंतरही भरता येतात आणि अर्ज नामंजूर झाला तर परत मिळतात. तरी आधीच भरा, शेवटच्या टप्प्यावर त्या एका पावतीसाठी फाइल अडते.

तर 80,000 च्या कामासाठी साडेतीन लाख कशाचे? दुसरं लग्न, मुलं, आधीचा नकार असलं काही नसेल तर हा अर्ज घरी भरण्यासारखा आहे. कुणाला पैसे द्यायचेच असतील तर तो कॅनडाचा परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार किंवा वकील असलाच पाहिजे. सल्लागाराचा परवाना क्रमांक परवाना देणाऱ्या तिथल्या संस्थेच्या, 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स'च्या, सार्वजनिक यादीत तपासा. प्रतिनिधीच्या फॉर्मवर, आयएमएम 5476 वर, आपलं नाव घालायला जो कां-कू करतो, त्याला नमस्कार करून बाहेर पडा.

जोडीदाराच्या अर्जात साधारणपणे किमान उत्पन्नाची अट नसते, त्यामुळे मिस्टरांच्या पगाराची चिंता नको. अर्ज अडतो तो दुसऱ्याच गोष्टींवर. पीआर प्रायोजकाने अर्ज चालू असताना कॅनडातच राहायला हवं. परदेशात राहून प्रायोजक होण्याची मुभा फक्त नागरिकांना आहे. म्हणून चार-पाच महिने पुण्यात येऊन राहायचा बेत रद्द. दोन-तीन आठवड्यांची सुट्टी ठीक. दुसरं, त्यांनी 2022 मध्ये पीआर घेतला तेव्हा तुमचं रजिस्टर लग्न झालेलं नव्हतं ना? व्हिसासाठी आधी नोंदणी आणि विधी नंतर, असं आपल्याकडे पुष्कळ जण करतात. तेव्हा असलेली बायको अर्जात दाखवली नसेल तर तिला पुढे सहसा प्रायोजित करता येत नाही.

आयएमएम 5532 या फॉर्मात नातं खरं आहे का, ते तपासतात. ठरवून झालेलं लग्न म्हणून वाईट दिसत नाही, अपुरी माहिती वाईट दिसते. स्थळ कुणी आणलं, पहिली भेट कुठे, साखरपुड्याला आणि लग्नाला कोण होतं, हे तारखांसकट लिहा. फोटो वीसच्या आत. त्यात दोन्हीकडचे आई-वडील एकत्र दिसणारे हवेत. मेकअपचे क्लोजअप पाठवून उपयोग नाही. विवाह प्रमाणपत्रातला मजकूर किंवा शिक्का फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र जोडा. पोलिस दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून, 500 रुपये, आणि तो अर्जाच्या तारखेला सहा महिन्यांपेक्षा जुना नको.

मिस्टर जी हमी लिहून देतात ती तुमच्या पीआरच्या दिवसापासून तीन वर्षांची. त्या काळात तुम्ही सरकारी मदत घेतली तर वसुली त्यांच्याकडून होते, घटस्फोट झाला तरी. तुमचा पीआर मात्र संसारावर टांगलेला नाही, दोन वर्षं एकत्र राहण्याची जुनी अट 2017 मध्ये गेली.

आता फ्लॅट. 23 जुलै 2024 आधी घेतलेल्या घरावर 12.5 टक्के सरळ किंवा 20 टक्के इंडेक्सेशनसह (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून), यांत जे कमी ते भरायची सोय आहे, पण फक्त भारतात निवासी असणाऱ्यांना. सरळ हिशेबाने 34 लाख नफा, कर 4.25 लाख. महागाई निर्देशांक 264 वरून 376 (2025-26) धरला तर खरेदी किंमत 68.36 लाख होते, कर सुमारे 2.73 लाख. फरक दीड लाखाचा, सेस सोडून. एनआरआय झाल्यावर विकलं तर खरेदीदार पूर्ण 82 लाखांवर सुमारे 14.3 टक्के, म्हणजे पावणेबारा लाख कापून ठेवतो. कमी कपातीचा दाखला आधी काढला नाही तर ते रिटर्न भरून परतावा येईपर्यंत अडकले. निवासी म्हणून हीच कपात 1 टक्का.

तेव्हा विकायचंच असेल तर पीआर मंजूर झाल्यावर आणि निघण्याआधी रजिस्ट्री करा, तीही त्या आर्थिक वर्षात भारतात 182 दिवस भरतील अशी, म्हणजे ऑक्टोबरमध्ये किंवा नंतर निघा. मंजुरीवरची प्रवेशाची मुदत बहुधा वैद्यकीय तपासणीच्या तारखेवर ठरते आणि तपासणी 12 महिनेच ग्राह्य धरतात. ती कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याने सांगितल्यावरच करा, नाहीतर ही जुळणी बिघडते.

भाड्याने द्यायचा विचार केला तर तुम्ही एनआरआय झाल्यावर भाडेकरूला 31.2 टक्के टीडीएस कापावा लागेल, बहुतेक भाडेकरूंना हे माहीत नसतं. तेच भाडं कॅनडातही जाहीर करायचं, इथल्या कराची सूट तिथे मिळते. फ्लॅट ठेवला तर तिथे उतरण्याच्या तारखेचं मूल्यांकन करून घ्या. कॅनडा त्या दिवसाचा बाजारभाव हीच तुमची खरेदी किंमत धरते, पुढे विकताना त्याच कागदावर कर वाचतो.

दागिन्यांसाठी कॅनडाच्या कस्टम्सचा बीएसएफ186 फॉर्म. पाटल्या, मंगळसूत्र, तोडे, प्रत्येकाचं वजन, वर्णन, किंमत, सोनाराचा दाखला आणि फोटो. आईकडे ठेवून जाणार असाल ते 'मागाहून येणारं सामान' या यादीत घाला आणि पहिल्याच विमानतळावर शिक्का मारून घ्या. यादीत नसलेली वस्तू पुढच्या दिवाळीत नेली तर तिच्यावर कर भरावा लागतो.