ओझोन, टीसीएल पावडर आणि आर-22 : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (खानापूर) : फ्रिजमधला जुना गॅस बंद होऊन पंधराएक वर्षं झाली. तरी ओझोनचं छिद्र 2019 साली लहान आणि 2020 साली पुन्हा मोठं. वरचा क्लोरिन कमी होतोय की नाही?

उत्तर : होतोय. पण छिद्राच्या आकारावरून त्याचा हिशेब मांडू नका, तो आकार त्या वर्षीच्या थंडीवर बराच अवलंबून असतो. दक्षिण ध्रुवावरच्या स्थितांबरात, म्हणजे ओझोन असतो त्या उंचावरच्या हवेच्या थरात, पारा उणे 78 अंशांच्या खाली गेला की ढग धरतात. एरवी हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरिन नायट्रेटमध्ये अडकून पडलेला क्लोरिन त्या ढगांच्या कणांवर सुटा होतो आणि सप्टेंबरचं ऊन लागताच ओझोन फोडायला लागतो. 2019 साली तिथली हवा एकाएकी तापली, ढग लवकर विरले. क्लोरिन दोन्ही वर्षी जवळपास तेवढाच होता.

आता ताळेबंद. समुद्र आणि वनस्पतींकडून येणारा नैसर्गिक क्लोरिन अब्जात सुमारे 0.6 भाग. माणसाची भर पडून जमिनीलगतच्या हवेत तो 1993 च्या सुमारास 3.7 च्या आसपास पोचला; 2020 साली 3.2 होता. ही हवा स्थितांबरात मुरायला ध्रुवाकडे पाच-सहा वर्षं लागतात, त्यामुळे वरचा उच्चांक नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आला. उतार एवढा संथ का? सीएफसी-12, म्हणजे फ्रिजमधला तो जुना गॅस, वर जाऊन उन्हाने फुटला की क्लोरिन सोडतो, पण तो शंभरेक वर्षं टिकतो. 1990 साली सुटलेल्यापैकी पाऊण हिस्सा 2020 सालीही हवेतच होता. शिवाय भंगारात फुटणाऱ्या जुन्या फ्रिजच्या फोममधून सीएफसी-11 हा त्याच जातीचा गॅस निसटतो तो वेगळाच.

मधे दोन अडथळे आले, त्यांची गल्लत नेहमी होते. 2007 ते 2011 या काळात स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोख वेधशाळेत हायड्रोजन क्लोराइड चक्क वाढताना दिसला. ती गळती नव्हती. उत्तर गोलार्धात वरच्या हवेचं अभिसरण मंदावलं होतं, त्यामुळे जास्त काळ वर राहिलेली, सीएफसी अधिक फुटलेली हवा तिथे होती. 2012 नंतर मात्र सीएफसी-11 चं उत्सर्जन खरोखरच वाढलं होतं. माग पूर्व चीनपर्यंत गेला आणि 2019 पर्यंत आकडे पुन्हा उतरले. ओझोन फोडणारे गॅस बंद करण्याचा माँट्रियल करार असाच पाळला गेला, तर ओझोन 1980 च्या पातळीवर जगात बहुतेक ठिकाणी 2040 च्या सुमारास येईल, उत्तर ध्रुवावर 2045 आणि दक्षिण ध्रुवावर 2066 च्या आसपास.

प्रश्न (निपाणी) : विहिरीत टाकतो त्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा क्लोरिनही वर जातो का?

उत्तर : नाही. तो पाण्यात विरघळतो. हवेत उडाला तरी पाऊस त्याला खाली आणतो. सीएफसी पाण्यात विरघळत नाही, खाली कशाशी सहसा संयोग पावत नाही, म्हणूनच वरपर्यंत टिकतो. चांगली पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, पाणी गढूळ असेल तर जास्त. ओझोनसाठी त्यात काटकसर नको.

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव) : एसी दुरुस्तीचं दुकान आहे. आर-22 या जुन्या, क्लोरिनवाल्या गॅसच्या युनिटमध्ये नवा आर-32 गॅस भरला तर चालेल का? आणि आधीचा गॅस कसा काढू?

उत्तर : आर-32 अजिबात नको. त्याचं प्रेशर आर-22 च्या दीडपटीहून जास्त, तो पेट घेऊ शकतो आणि जुन्या मिनरल ऑइलशी त्याचं जमत नाही.

कॉम्प्रेसर चालू असेल आणि स्प्लिट नुसता हलवायचा असेल, तर पंप-डाउन करा, म्हणजे गॅस बाहेरच्या युनिटमध्ये कोंडा. गेज लावून मशीन चालू ठेवा, बारीक पाइपचा व्हॉल्व्ह आधी बंद करा, काटा शून्याजवळ आला की जाड पाइपचा बंद करा आणि लगेच मशीन थांबवा. काटा शून्याखाली गेला आणि कुठे सैल जोड असला, तर हवा आत ओढली जाते. कॉम्प्रेसर बसला असेल तर गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं रिकव्हरी मशीन लागतंच. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा, 80 टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका. उन्हात द्रव फुगायला जागा लागते.

लीक ड्राय नायट्रोजन आणि साबणाच्या पाण्याने शोधा. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. मग व्हॅक्यूम 500 मायक्रॉनपर्यंत (आत उरलेल्या दाबाचं हे माप), व्हॉल्व्ह बंद करून पंप वेगळा करा आणि दहा मिनिटं थांबा. आकडा चढतच राहिला तर लीक, थोडा चढून स्थिरावला तर ओल. गॅस नेमप्लेटवरच्या वजनाने भरा. नुसत्या प्रेशरवर भरायची सवय फार आहे. बाहेरच्या तापमानाप्रमाणे प्रेशर हलतं आणि अंदाज चुकतो.

काढलेला आर-22 स्वच्छ असेल तर दुरुस्तीला पुन्हा वापरता येतो. जळालेल्या कॉम्प्रेसरमधल्या गॅसमध्ये आम्ल असतं, त्यासाठी सिलिंडर वेगळा ठेवा आणि त्यावर तसं लिहा.